कुंपणापलीकडची फुलं

आपल्या बैठकीत निसर्गकवितेचं नाव काढा, पोरं हसायला लागतात. चंद्र, चांदणं, झरे, पाखरं हा सगळा पोट भरलेल्यांचा उद्योग, असं ठरून गेलेलं आहे. कोणी चुकून पावसावर चार ओळी लिहिल्या तर त्याला विचारतात, 'काय रं, सदाशिव पेठेत खोली घेतली का काय?' हसणाऱ्यांचं सगळंच मला अमान्य आहे असं नाही. ज्याचं छप्पर गळतं त्याला पावसाचं गाणं सुचत नाही, हे खरंच आहे. पण पुढं जाऊन जेव्हा ते म्हणतात की निसर्ग हा विषयच आपला नाही, तेव्हा मी उठून उभा राहतो. कारण हेच वाक्य दुसऱ्या बाजूनंही बोललं जातं. सृष्टिसौंदर्य कळायला संस्कार लागतात, ते तुमच्याकडे नाहीत, हे त्यांचं म्हणणं. सृष्टिसौंदर्य आम्हाला नकोच, हे आपलं म्हणणं. दोन्हींचा निकाल एकच लागतो. डोंगर त्यांच्याकडे राहतो.

इंग्रजी रोमँटिक कवितेच्या निमित्तानं मला ह्यावर बोलायचंय. ह्या कवितेचा दावा मोठा आहे. निसर्ग माणसाला घडवतो, त्याचं मन वाढवतो, असं ती म्हणते. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं. तेव्हापासून हा दावा माझ्या डोक्यात आहे. तो खोटा आहे असं मला आजही वाटत नाही. फक्त त्याला एक प्रश्न विचारायचा राहून गेलाय. तो विचारू. आधी दावा नीट समजून घेऊ.

१७९८ साली विल्यम वर्डस्वर्थ आणि कोलरिज ह्या दोघांनी मिळून 'लिरिकल बॅलड्स' नावाचं पुस्तक काढलं. १८०० च्या आवृत्तीला वर्डस्वर्थनं लांबलचक प्रस्तावना जोडली. कवितेनं नटवी, उसनी भाषा सोडावी, साध्या खेडुतांच्या बोलण्यातून भाषा घ्यावी, त्यांच्या जगण्यातून विषय घ्यावेत, असं त्यात ठणकावून सांगितलं. बोलीसाठी भांडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून बरं वाटतं. ह्या माणसानं पुढं जन्मभर एक दीर्घकविता लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. तो १८५० च्या एप्रिलात मेला आणि काही महिन्यांनी ती छापून आली. 'प्रिल्यूड' तिचं नाव. कवीच्या मनाची वाढ हा तिचा विषय, आणि तिच्या उपशीर्षकातही तेच लिहिलेलं आहे.

ह्या कवितेत एक प्रसंग आहे. शाळकरी वर्डस्वर्थ संध्याकाळी एकटाच तळ्याकाठी जातो. झाडाला बांधलेली दुसऱ्याची होडी सोडतो आणि चोरून वल्हवत निघतो. मजेत चाललेला असतो. होडी जसजशी आत जाते तसतसा काठावरच्या कड्यामागून एक प्रचंड काळा डोंगर वर येऊ लागतो. पोरगं वल्हं मारतं तसा डोंगर आणखी उंच होतो, जिवंत होऊन मागं लागल्यासारखा. पोरगं घाबरून होडी वळवतं, होती तिथं बांधतं, घरी जातं. पुढं कित्येक दिवस त्याच्या मनात कसले तरी अवाढव्य आकार हलत राहतात. कोणी मारलं नाही, कोणी बोललं नाही. डोंगरानंच शिक्षा केली आणि डोंगरानंच शिकवलं. निसर्ग सौंदर्यानं घडवतो तसा भीतीनंही घडवतो, ही त्याची शिकवण.

होस्टेलवर रात्री हे वाचलं तेव्हा मला माझी एक गोष्ट आठवली. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. गावाबाहेरच्या एका मळ्यात विहीर होती. विहिरीवर बाभूळ वाकलेली आणि तिला सुगरणीची दहा-बारा घरटी लोंबत होती. पाण्यावर त्यांच्या सावल्या हलायच्या. सुगरण गवताची काडी चोचीत धरून यायची, खालून आत शिरायची. मी काठावर ओणवा होऊन ते बघत बसलो. किती वेळ ते कळलं नाही. मागून ढेकूळ आलं, पाठीत बसलं. 'कोनाचं रं तू? हिरीत वाकून काय बघतो? पानी बाटवतो व्हय?' मी पळालो. तो माणूस बांधापर्यंत मागं आला आणि ढेकळं मारत राहिला.

पुढं कित्येक दिवस माझ्याही मनात काहीतरी हलत राहिलं. पण ते डोंगराचे आकार नव्हते, त्या माणसाचा आवाज होता. सुगरणीचं घरटं मला अर्धंच बघायला मिळालं. वर्डस्वर्थनं खरोखर दुसऱ्याची होडी सोडली, तरी त्याच्या मागं डोंगर लागला. मी कशाला हात लावला नव्हता, माझ्या मागं माणूस लागला. मनाची वाढ दोघांचीही झाली. त्याला सृष्टीत एक मोठी शक्ती आहे हे कळलं. मला झाडाच्या, पाण्याच्या आणि माझ्या मधे कोण उभं आहे ते कळलं.

म्हणून माझा प्रश्न असा आहे. निसर्ग माणसाला घडवतो हे मान्य. पण त्यासाठी माणसाला आधी निसर्गासमोर निवांत उभं राहता आलं पाहिजे. ते कोणाला येतं?

वर्डस्वर्थला ते कसं आलं बघा. तो गर्भश्रीमंत नव्हता. आठव्या वर्षी आई गेली, तेराव्या वर्षी बाप गेला. बाप एका बड्या जमीनदाराचा कारभारी-वकील. त्या जमीनदारानं बापाचे हजारो पौंड बुडवले. ते पैसे मुलांना मिळायला जमीनदार मरून वारस यावा लागला, १८०२ नंतर. ह्या माणसानं अन्याय बघितलेला होता. फ्रान्सच्या क्रांतीच्या दिवसांत, १७९२ साली, तो तिकडं होता. रस्त्यात एक उपासमारीनं खंगलेली मुलगी गाय ओढत चाललेली दिसली आणि क्रांतीच्या बाजूचा त्याचा मित्र म्हणाला की आमची लढाई ह्याच्याविरुद्ध आहे. हा प्रसंगही 'प्रिल्यूड'मध्ये आहे. मग १७९५ साली एक तरुण मित्र क्षयानं मेला. त्यानं वर्डस्वर्थच्या नावे ९०० पौंड ठेवले. त्या पैशानं त्याला नोकरी न धरता कविता करता आली. तो चालत राहिला. पायी चालता चालता तोंडानं कविता रचायची, ही त्याची रीत. तो आयुष्यात पावणेदोन लाख मैलांच्या वर चालला असेल, असा अंदाज त्याच्या ओळखीतल्या डी क्विन्सीनं केलाय. एवढं चालताना 'कोनाचं रं तू?' असं विचारणारा त्याला भेटला नाही. भेटला असेल तरी अडवू शकला नाही. ९०० पौंड आणि मोकळी वाट, ह्या दोन गोष्टी त्या कवितेच्या पायात आहेत. वर्गात फुलं शिकवतात, पाया कोणी शिकवत नाही.

आता त्याच्या कवितेतला गरीब बघू. एका कवितेत माळरानावर त्याला म्हातारा भेटतो. डबक्यांतून जळवा गोळा करून विकणारा. तेव्हा वैद्यांना रक्त काढायला जळवा लागायच्या. म्हातारा वाकलेला, थकलेला, पण डबकी ढवळत आपलं काम करतोय. कवी त्या दिवशी उदास असतो. पुढं आपलं काय होणार ह्या काळजीत असतो. म्हाताऱ्याकडे बघून त्याला धीर येतो. म्हातारा त्याला दगडासारखा, ढगासारखा वाटतो, निसर्गाचाच एक भाग. कविता १८०२ ची, छापली १८०७ साली.

ह्या म्हाताऱ्याची दुसरीही नोंद आहे. वर्डस्वर्थची बहीण डॉरथी रोजनिशी लिहायची. १८०० च्या ऑक्टोबरात तिनं लिहून ठेवलंय की हा माणूस त्यांना रस्त्यात भेटला, कंबरेत पार वाकलेला. बायको मेलेली, दहा मुलांतला एक उरलेला, तोही जहाजावर. अपघातात अंग मोडलेलं. जळवा आता मिळेनाशा झाल्यात, म्हणून धंदा बसलाय. आता भीक मागून जगतो, आणि विकायला धर्माची चार पुस्तकं घ्यायला चाललाय. म्हणजे खरा म्हातारा डबक्यात उभा नव्हता, रस्त्यावर हात पसरून होता. कवितेनं त्याला पुन्हा माळावर नेऊन उभं केलं, कारण तिथं तो कवीच्या कामाचा होता. म्हाताऱ्याला बघून कवीचं मन वाढलं, छान झालं. म्हाताऱ्याचं मन कसं वाढलं, त्याला तो माळ कसा दिसत होता, हे कवितेत विचारलेलं नाही. डॉरथीच्या रोजनिशीत निदान त्याच्या मेलेल्या पोरांचा आकडा आहे. मला विचाराल तर ती नोंद मला कवितेइतकीच मोलाची वाटते.

आणि शेवटी १८४४ साल. वर्डस्वर्थ ७४ वर्षांचा, राजकवी झालेला. केंडलपासून विंडरमिअर तळ्यापर्यंत रेल्वे आणायचं ठरतं. तो पेटून उठतो. 'मॉर्निंग पोस्ट'मध्ये पत्रं लिहितो. डोंगर फोडू नका, हे त्याचं म्हणणं आजच्या माणसालाही पटेल. पण त्याचं दुसरंही म्हणणं होतं. रेल्वेनं गिरणगावांतले कामगार झुंडीनं इकडं येतील. ह्या डोंगरांचं सौंदर्य कळायला नजर हळूहळू तयार व्हावी लागते, ती त्यांच्याकडे नाही. त्यांनी सुट्टीच्या दिवशी बायकापोरांना घेऊन आपल्या गावाजवळच्या शेतांत हिंडावं, ते त्यांना पुरे. गंमत अशी की ह्याच माणसानं ह्या तळ्यांच्या प्रदेशावर एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलं होतं. ज्याला बघायला डोळे आहेत आणि आनंद घ्यायला हृदय आहे त्या प्रत्येकाचा ह्या प्रदेशावर हक्क आहे, ही राष्ट्राची मालमत्ता आहे, अशा अर्थाचं त्यात लिहिलेलं आहे. हक्क सगळ्यांचा. फक्त कोणाला डोळे आहेत हे ठरवणार आम्ही. मित्रांनो, हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही.

रेल्वे आली. १८४७ साली सुरू झाली. कामगारही आले.

आता मी तुम्हाला दुसऱ्या कवीकडे घेऊन जातो. त्याचं नाव आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. जॉन क्लेअर. जन्म १७९३, हेल्पस्टन नावाच्या खेड्यात. बाप शेतमजूर, मळणीवर धान्य झोडपणारा, गाणी म्हणणारा. आईला अक्षर येत नव्हतं आणि फार शिकणं म्हणजे करणी-चेटूक असं तिला वाटायचं. पोरगा लहानपणीच पाखरं हाकायला राखणीवर आणि बापाबरोबर मळणीवर. कधी नांगरावर, कधी माळीकाम, कधी चुन्याच्या भट्टीवर. कामात असताना टोपीवर कागद ठेवून लिहायचा. घरी कवितांचे कागद भिंतीच्या भोकात लपवायचा. आईला ते सापडले की चूल पेटवायला बरे पडायचे.

तेरा-चौदाव्या वर्षी त्यानं दीड शिलिंग जमवून स्टॅमफर्डच्या दुकानातून एक पुस्तक घेतलं, थॉमसन नावाच्या कवीची ऋतूंवरची कविता. येताना रस्त्यात वाचायची हाव सुटेना. पण कामाच्या दिवशी मजुराचं पोर वाचताना दिसलं तर लोक नावं ठेवणार. म्हणून तो बर्गली नावाच्या जमीनदाराच्या बागेची भिंत चढला, आत उडी टाकली आणि गवतात बसून वाचायला लागला. तिथंच त्याला कविता सुचायला लागली, असं त्यानं स्वतः लिहिलंय. इंग्रजी निसर्गकवितेचा एक धागा असा भिंतीवरून उडी मारून आत आलेला आहे.

लहानपणीची त्याची आणखी एक आठवण आहे. लांबवर आभाळ जिथं टेकतं तिथं जगाची कड असणार, असं समजून तो एकदा माळावरून सरळ चालत सुटला. इतका लांब गेला की ओळखीची फुलं-पाखरं संपली. सूर्यसुद्धा भलत्याच बाजूला आल्यासारखा वाटला. अंधार पडल्यावर घरी आला तेव्हा आईबाप शोधत होते. वर्डस्वर्थच्या होडीसारखाच हा प्रसंग. फरक एवढाच की क्लेअरला डोंगर दिसला नाही, ओळख संपण्याची जागा दिसली. त्याच्या लेखी निसर्ग म्हणजे ओळख. हे झुडूप, ही वाट, हे घरटं, ह्यात किती अंडी, कोणत्या रंगाची. नाइटिंगेल पाखरावर दुसऱ्यांनी स्वप्नं रचली. क्लेअर काट्यांत रांगत शिरला, घरटं जमिनीलगत कुठं आहे, वाळल्या पानांचं कसं विणलंय, ते बघून आला आणि पाखराला त्रास न देता परत फिरला. ते वाचताना मला ती सुगरण आठवली.

मग कुंपण आलं. त्या काळात इंग्लंडच्या गावांत पुष्कळशी जमीन आपल्या गायरानासारखी होती. मालकी कोणाचीही असो, गरिबाला गाय चारता यायची, सरपण आणता यायचं, वाटेनं जाता यायचं. पार्लमेंटनं गावोगाव कायदे करून ती वाटून टाकली आणि कुंपणं घातली. १६०४ ते १९१४ ह्या काळात असे ५२०० च्या वर कायदे झाले, सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. हेल्पस्टनचा कायदा १८०९ चा. वाटणीचं काम १८२० पर्यंत चाललं. माळ नांगरला गेला, झाडं पडली, ओढे सरळ केले, वाटांवर मज्जावाच्या पाट्या लागल्या. आणि क्लेअरनं काय केलं? पोटासाठी त्याच कुंपणाच्या कामावर मजुरी केली. आपल्या हातानं आपली वाट बंद करायची आणि संध्याकाळी मजुरी घ्यायची. हे आपल्या माणसांना समजावून सांगायची गरज नाही.

त्यानं ते लिहून ठेवलं. एका कवितेत तर त्यानं जमिनीच्या एका तुकड्यालाच बोलायला लावलंय. गावाच्या जुन्या दगडखाणीची ती पडीक जागा. ती म्हणते, मी आता गावच्या दयेवर पडलेली कंगाल आहे, माझ्या अंगावरचं सगळं ओरबाडलं, माझ्या फुलपाखरांना बसायला जागा उरली नाही. असं बोलणारी जमीन वर्डस्वर्थच्या कवितेत मला भेटली नाही.

१८२० साली त्याचं पहिलं पुस्तक आलं. कीट्सची पुस्तकं काढणारे प्रकाशकच त्याला मिळाले. मुखपृष्ठावर 'नॉर्दॅम्प्टनशायरचा खेडूत' अशी पाटी. वर्षात चार आवृत्त्या, तीन हजारांवर प्रती. लोक त्याला बघायला यायचे. शेतातून बोलावून आणायचे. त्याचा दिवस बुडायचा, मजुरी बुडायची. एका बड्या आश्रयदात्यानं श्रीमंतांवर तोंड टाकणाऱ्या ओळी काढायला लावल्या, त्या पुढच्या आवृत्तीत गेल्या. प्रकाशकानं बोलीतले शब्द आणि शुद्धलेखन सरळ केलं. व्याकरणाची सक्ती म्हणजे राज्यातल्या जुलूमशाहीसारखी, अशा अर्थाचं क्लेअर चिडून बोलला होता. १८२७ चं पुस्तक आलं तोवर हौस फिटलेली होती. ते खपलं नाही. कवीला आधी पाटी लावायची, मग पाटीचा कंटाळा करायचा.

१८३२ साली तो जेमतेम तीन मैलांवरच्या दुसऱ्या गावी राहायला गेला. घर बरं होतं, पण ओळख तुटली. त्याचं मन ढासळत गेलं. १८३७ साली त्याला एसेक्समधल्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. १८४१ च्या जुलैत तो तिथून निघाला आणि चार दिवसांत सुमारे ८० मैल पायी चालत घराकडे आला. जवळ पैसा नाही. रात्री उत्तरेकडे डोकं करून झोपायचा, सकाळी दिशा चुकू नये म्हणून. भूक अनावर झाली तेव्हा रस्त्याकडेचं गवत खाल्लं. त्याच वर्षी डिसेंबरात त्याला नॉर्दॅम्प्टनच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, ते १८६४ साली मरेपर्यंत. तिथंही तो लिहीत होता.

एकजण ९०० पौंडांवर पावणेदोन लाख मैल चालला, त्याच्या मनाची वाढ झाली. एकजण ८० मैल गवत खात चालला. दोघंही इंग्रज, दोघंही निसर्गाचे कवी. वर्डस्वर्थच्या कवितेला मी खोटी म्हणत नाही. ती अर्धी आहे. दुसरा अर्धा क्लेअरकडे आहे. निसर्ग माणसाला वाढवतो, आणि जमीन काढून घेतली की तोच माणूस आतून खुंटतो.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कोणीतरी टाळी द्यायला येईल. क्लेअर गरीब होता, अस्पृश्य नव्हता. त्याची सावली पाण्यावर पडली म्हणून कोणी ढेकूळ मारलं नसतं. गायरान जाईपर्यंत ते त्याचं होतं. गावाच्या खाणावळीत तो बसून प्यायचा. आपल्याकडे कुंपण कायद्यानं यायच्या आधीपासून होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नव्हतं. म्हणून क्लेअर म्हणजे इंग्लंडचा दलित कवी, असलं सोपं समीकरण मला नको. त्याच्याकडून एकच गोष्ट मला घ्यायची आहे. कामकरी माणसाला निसर्ग दिसत नाही, हे म्हणणं त्यानं कायमचं खोटं पाडलं.

ते खोटं आहे हे मला माझ्या आईनंही दाखवलं होतं. खुरपायला जाताना ती मला बरोबर न्यायची. केना, घोळ, तांदुळजा, हराळी, लव्हाळा, कुंदा. एकेक उपटताना नाव सांगायची. 'आरं, तन म्हनून उपटायचं आन् भाजी म्हनून रांधायचं. नाव ठावं नसंल तर उपाशी मरशील.' निळ्या फुलाचा केना तिनं कधी कधी बांधाकडेला तसाच ठेवलेला मी बघितलाय. का, असं विचारलं तर म्हणाली, 'ऱ्हाऊ दे. बरं दिसतंय.' दिवसभर वाकून कंबर मोडलेली बाई हे बोलली. नजर तयार व्हायला रेल्वेचं भाडं आणि संस्कार लागतात म्हणणाऱ्यांनी ह्या 'बरं दिसतंय'चं काय करायचं ते ठरवावं.

ज्या कामगारांना वर्डस्वर्थ भीत होता, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी पुढं काय केलं तेही ऐका. इंग्लंडात मँचेस्टर आणि शेफिल्डच्या मधे किंडर स्काउट नावाचं पठार आहे. तिथं बड्या लोकांची पाखरांची शिकार चालायची, म्हणून कामगारांना चालायला बंदी होती. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरकडचे शेकडो तरुण कामगार ठरवून, जाहीर करून त्या डोंगरावर चढले. वीस वर्षांचा बेनी रॉथमन त्यांचा पुढारी. राखणदारांशी झटापट झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची सजा झाली. डोंगरावर चालल्याबद्दल! पण रेटा थांबला नाही. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि डोंगर-रानात जाण्याच्या हक्काचा कायदा झाला. १९५१ साली किंडरचा प्रदेश आणि वर्डस्वर्थचा तळ्यांचा प्रदेश, दोन्ही राष्ट्रीय उद्यानं झाली. २००० सालच्या कायद्यानं मोकळ्या डोंगराळ जमिनीवर पायी फिरण्याचा हक्क दिला. २००२ साली, सत्तर वर्षांनी, त्या जमिनीच्या जुन्या मालक घराण्याच्या ड्यूकनं जाहीर माफी मागितली.

ह्या तारखेच्या पाच वर्षं आधी, २० मार्च १९२७ ला, महाडला काय झालं ते ह्या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. चवदार तळं हे पाणीच होतं, झाडा-डोंगरासारखंच निसर्गाचं. दोन्ही लढे एक नव्हेत. चवदार तळ्यावर माणूसपणाचा सवाल होता, किंडरवर चालण्याचा. पण दोन्हीकडे माणसं चालत गेली आणि ज्यावर कोणाचा मक्ता नसावा अशा गोष्टीवरचा मक्ता त्यांनी मोडला. १९५९ आणि १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीन लोक तुरुंगात गेले तेही जमिनीसाठीच. एवढं करून झाल्यावर निसर्ग आमचा विषय नाही म्हणायचं, म्हणजे तळं जिंकून तहान नाकारायची.

लिहिणाऱ्या पोरांना म्हणून माझं सांगणं आहे. निसर्गावर लिहा, पण माळावरचा म्हातारा करून कोणाला उभं करू नका. नदीवर लिहायचं असेल तर पाणवठे किती आणि कोणाचा कुठला, तेही येऊ द्या. झाडावर लिहा आणि त्याखाली कोणाला बसू देत नव्हते तेही लिहा. फुलाचं नाव नीट माहीत करून घ्या. आईला विचारा, आजीला विचारा, ती नावं त्यांच्याबरोबर चाललीत. आणि फूल नुसतं आवडलं म्हणून लिहावंसं वाटलं तर तसंही लिहा, त्यासाठी कोणाची परवानगी काढू नका. सावित्रीबाईंचं 'काव्यफुले' १८५४ साली निघालं. तेव्हा क्लेअर नॉर्दॅम्प्टनच्या इस्पितळात जिवंत होता आणि 'प्रिल्यूड' छापून चारच वर्षं झाली होती. अंगावर शेण-चिखल झेलत पोरींना शिकवणाऱ्या त्या बाईनं त्या पुस्तकात शिक्षणावर लिहिलं आणि पिवळ्या चाफ्यावर, जाईच्या फुलावरही लिहिलं. एकासाठी दुसरं सोडावं असं तिला वाटलं नाही.

आता बैठकीत कोणी पावसावर कविता आणली तर त्याला सदाशिव पेठेत पाठवू नका. आधी ऐका. मग त्याला विचारा, पाऊस पडला तेव्हा तू कुठं उभा होतास, आणि तिथं तुला कोणी उभं राहू दिलं? ह्याचं उत्तर कवितेत असेल तर ती छापा.